आमचे मॅनेजरसाहेब आणि राखीव जागा

आमच्या जिनिंग सोसायटीच्या मॅनेजरसाहेबांइतका सज्जन माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि माझं त्यांच्याइतकं नुकसानही दुसऱ्या कोणी केलं नाही. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. बैलबाजारात दलाली केलेल्या माणसाला खोटं बोलणारे दुरून ओळखू येतात, आणि त्यांचं काय करायचं तेही त्याला ठाऊक असतं. साहेबांची अडचण ही की ते खोटं बोलतच नसत. खोट्या माणसाशी भांडता येतं, चार लोकांत त्याची अब्रू काढता येते. खऱ्या माणसाने केलेला अन्याय मात्र चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहतो, आणि चप्पल काढून झटकावी तर खडा काही सापडत नाही.

सोसायटी समुद्रपूर तालुक्यातली. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मला अजून रोज भेटतात. कापूस यायचा, आठ जिन त्याची रुई आणि सरकी वेगळी करायचे, आणि हे सगळं ज्या कागदांच्या आधाराने चालायचं ते कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर असायचे. सरकारी कागदाला देव मानणारी माणसं आपण पुष्कळ पाहतो. साहेब त्याला घरी आलेला पाहुणा मानत. परिपत्रक आलं की ते उभे राहून वाचत. वाचून झालं की त्यावर दुसरा कागद ठेवत नसत, त्याला गुदमरल्यासारखं होईल या भीतीने. मग खिडकीबाहेर बघत म्हणत, "वरून आलं आहे." ते असं म्हणाले की आमचा शिपाई सीताराम कपाळाला हात लावून मागच्या मागे निघून जाई. आता आठ दिवस कोणालाच धड काम करता येणार नाही, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

एकदा परिपत्रक आलं की आगीपासून बचावासाठी वाळूच्या आठ लाल बादल्या दर्शनी भागी ठेवाव्यात. साहेबांनी दर्शनी भागाचा विचार दोन दिवस केला आणि आठही बादल्या स्वतःच्या कचेरीच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी ओळीने मांडल्या. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना अडखळून आत येई, त्यामुळे त्या सर्वांच्या दर्शनाला आल्या याबद्दल वाद नव्हता. पुढे जिनच्या हॉलमध्ये खरंच ठिणगी पडली तेव्हा कामावरच्या बायांनी पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण उलटे करून ती विझवली. साहेब धावत आले, सर्वांचं कौतुक केलं, त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं : "आग आटोक्यात. वाळू सुरक्षित."

आणीबाणीच्या दिवसांत वेळेवर हजर राहण्याचं परिपत्रक आलं, तेव्हा तर ते रोज सकाळी हातात घड्याळ घेऊन फाटकात उभे राहायचे. एक दिवस हिंगणघाटची एस.टी. उशिरा आली आणि साहेबच पाच मिनिटं उशिरा पोचले. फाटकाशी आम्ही सगळे उभे. मी तेव्हा तिथे ऑइलमन होतो, जिनच्या रोलरांना तेल देणारा. साहेब आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या नावाने कारणे दाखवा नोटीस काढली. दुपारी तिला लेखी उत्तर दिलं. संध्याकाळी ते उत्तर असमाधानकारक ठरवून स्वतःला सक्त ताकीद दिली. सीतारामने ती टपालवहीत चढवली आणि टेबलाच्या या बाजूने उचलून त्या बाजूला नेऊन दिली. साहेबांनी उठून ती घेतली, पोच म्हणून सही केली, आणि घरी जाताना त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की मला वाटलं, साल्या त्या ड्रायव्हरला कोणीतरी माफी मागायला लावलं पाहिजे.

तक्रारींसाठी रोज तीन ते चार ही वेळ राखून ठेवावी असंही एकदा वरून आलं. साहेब तीनला टेबल पुसून बसत. कोणी येत नसे, कारण साहेबांविरुद्ध तक्रार करणं म्हणजे गाईला दगड मारण्यासारखं वाटे. शेवटी तेच हॉलमध्ये येऊन विचारू लागले, "कुणाची काही तक्रार?" आमच्यातली एक म्हातारी बाई त्यांची दया येऊन म्हणाली, "साहेब, माही सून आयकत नाई." साहेबांनी तक्रार लिहून घेतली, आणि आठवड्याने तिला लेखी कळवलं की सदर बाब सोसायटीच्या कक्षेत येत नाही.

अशा माणसाच्या हातून माझी नोकरी गेली. त्याची हकीकत अशी. चालू जिनला तेल देताना माझा डावा हात रोलरमध्ये गेला आणि मनगटापासून तुटला. चूक कोणाची होती त्यावर मी आता भांडत नाही. तेव्हा मात्र सगळ्यांशी भांडलो. दवाखान्यात साहेब रोज यायचे. नुकसानभरपाईचे कागद त्यांनीच भरले, आणि इतके बरोबर भरले की एकही कागद परत आला नाही. येताना तळेगावकडची संत्री आणत. मला एका हाताने सोलता येत नाही म्हणून स्वतः सोलत, फोडीवरचे पांढरे धागे काढत, बिया काढत, आणि एकेक फोड माझ्या हातात देत. माझ्या बापाने माझ्यासाठी हे केलं नव्हतं. पंधराव्या दिवशी दोन संत्री खाऊन झाल्यावर त्यांनी रुमालाने हात पुसले, सीताराम धरून उभा होता त्या पिशवीतून कागद काढला आणि म्हणाले, "भोयर, इथे सही करा."

कागदावर लिहिलं होतं की मी यंत्राजवळील कामास अपात्र ठरलो आहे.

मी सातवी पास. अपात्र म्हणजे काय ते मला कळत होतं. आठपैकी कुठला जिन तेलावाचून कोरडा चालतो आहे ते मी फाटकाबाहेरून आवाजावरून सांगत असे. फिटर मला विचारून पाना उचलायचा. ते सगळं कानातलं काम होतं. कान दोन्ही शाबूत होते. मी म्हटलं, "साहेब, हात गेला, अक्कल नाई गेली." साहेब म्हणाले, "मला मान्य आहे, भोयर. पण यंत्राजवळचा मनुष्य धडधाकट असला पाहिजे, असा नियम आहे." मी शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. मी थकलो तेव्हा त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली, कारण संत्र्याचा वास अजून बोटांना होता आणि त्या माणसाच्या तोंडावर पेन फेकून मारणं जमेना.

नोकरी गेली तर गेली. मी बैलबाजारात शिरलो. आधी लोकांचे दोर धरले, मग दलाल झालो. बैलाचा भाव तोंडाने होत नसतो. दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. या धंद्याला एकच हात लागतो, आणि माझा दुसरा हात काय करून राहिला आहे अशी शंका गिऱ्हाइकाला येण्याचं कारणच नव्हतं. चार वर्षांत आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत बाजारात माझा शब्द चालू लागला. मला सोसायटीची गरज उरली नव्हती. तरी कापसाच्या हंगामात फाटकासमोरून जाताना आतला आवाज ऐकू येई, तिसरा जिन कोरडा चाललेला कळे, आणि माझं डोकं फिरे. तो अपात्र शब्द मला पुसून हवा होता. मला माझी जागा हवी होती, तिथेच, यंत्राजवळ.

आणि मग वरून ते परिपत्रक आलं. त्या वर्षी जगभर अपंगांचं वर्ष पाळायचं ठरलं होतं. सरकारचं भागभांडवल असलेल्या आमच्यासारख्या संस्थांनी एक जागा अपंगांसाठी राखून ती भरावी, आणि दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवावा, असा हुकूम आला. तक्त्यात रकाना होता : अपंग कर्मचाऱ्यांची संख्या व नाव.

साहेबांनी आधी सोसायटीतच शोध घेतला. सीतारामचा गुडघा दुखतो, त्याला विचारलं. सीताराम म्हणाला, "दुखते जी, पण तुमी बोलावलं का मीच पयले पोचतो नं?" चौकीदाराला एका कानाने कमी ऐकू येतं असं कोणीतरी सांगितलं. साहेब त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू पुटपुटले, "भोंगा झाला वाटतं." चौकीदार ताडकन उठला, डबा घेतला आणि घरी निघून गेला. चेअरमन मोठे जमीनवाले कास्तकार, उरकून टाकणारे. ते म्हणाले, "लिहून टाका नं एखादं नाव! वर्ध्याचा साहेब काय हात-पाय मोजाले येते?" हे ऐकून साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. त्याऐवजी त्यांनी कचेरीच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा एक उतार बांधून घेतला, कारण अपंगांना सुलभ होईल अशी व्यवस्था करावी असंही कागदात होतं. उतार इतका उभा झाला की पहिल्याच दिवशी सीताराम चहाच्या किटलीसकट त्यावरून घसरत थेट वाळूच्या बादल्यांवर येऊन अडला. बादल्या प्रथमच कोणाच्या तरी कामी आल्या.

शेवटी तालुक्यात शोधून शोधून त्यांना जो सातवी पास, यंत्राची माहिती असलेला अपंग मिळाला, तो मीच. सीताराम मला बोलवायला बाजारात आला. मी गेलो, कारण ज्याने हाकललं तो कसा बोलावतो ते मला पाहायचं होतं. पायऱ्या चढू लागलो तर साहेब वरून म्हणाले, "भोयर, इकडून या. उतारावरून."

"साहेब, माहे पाय चांगले हायेत."

"हो, पण उतार अपंगांसाठी आहे."

"अन् पायऱ्या?"

"पायऱ्या इतरांसाठी."

मी पायऱ्यांनीच गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. शिपायाची. काम असं नाही. सीतारामशेजारी स्टुलावर बसायचं, कोणी तपासायला आलं तर उभं राहायचं. त्या क्षणी माझ्यातला दलाल जागा झाला. अख्ख्या बाजारात एकच बैल आहे आणि गिऱ्हाइकाला आजच हवा आहे, असा दिवस आयुष्यात एकदा येतो. मी चहा बशीत ओतला, सावकाश प्यालो आणि म्हटलं, "मले स्टूल नाई पाह्यजे. मले जिनमधली माही जागा पाह्यजे."

"ती देता येत नाही. यंत्राजवळचा मनुष्य धडधाकट असला पाहिजे."

"मंग तुमचा रकाना कोरा ठेवा."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक म्हणत होता अपंगाला घ्या, दुसरा म्हणत होता धडधाकटच घ्या. दोन्ही वरूनच आलेले, तेव्हा कोणाला उठवायचं आणि कोणाला बसवायचं? त्यांनी मार्गदर्शनासाठी वर्ध्याला पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं : "नियमानुसार कार्यवाही करावी." साहेबांनी सीतारामकडून ते तीनदा वाचून घेतलं म्हणे, आणि तिसऱ्यांदा त्यांचा हात कपाळाला गेला. त्याआधी त्यांचा हात कपाळाला गेलेला कोणी पाहिला नव्हता.

मग ते सीतारामला बरोबर घेऊन बाजाराच्या दिवशी मला भेटायला येऊ लागले. पांढरा हाफशर्ट, बगलेत फाइल, चहूकडे शेण आणि बैलांची शिंगं. दर वेळी थोडं वाढवून द्यायचे. स्टुलाऐवजी खुर्ची. मग खुर्चीला हात. मग वजनकाट्याजवळची खुर्ची. मी म्हणायचो, "नाई जमत." बाजूचे दलाल हसायचे. एक दिवस मला चीड आली. मी म्हटलं, "साहेब, इथं तोंडानं भाव नाई होत. हात घाला दुपट्ट्याखाली." साहेबांनी लगेच फाइल सीतारामकडे दिली आणि हात पुढे केला, बाजाराचाही नियम असेल तर तो पाळायला ते तयार होते. मी चिडून दुपट्ट्याखाली उजवा हात घातलाच नाही. डावा घातला. तुटलेला. भाव कर म्हटलं याच्याशी.

त्यांनी तो धरला. मला वाटलं, झटका बसल्यासारखा हात मागे घेतील. त्यांची बोटं जरा थांबली, मग मनगटाच्या शेवटापर्यंत हळूहळू फिरली, शिवणीवरून, हाडाच्या टोकावरून, एखादा कागद अंधारात चाचपावा तशी. हात काढून घेतला नाही. बराच वेळ गेला. बाजूचा एक जण ओरडला, "अबे भोयर, किती लांबवतं बे! साहेबाले का जोडी इकून राह्यला?" साहेब शांतपणे म्हणाले, "भोयर, मला यातलं कळत नाही. भाव तुम्हीच सांगा." मी दुपट्टा ओढून घेतला.

ते परत निघाले. ऊन कडक होतं आणि एका उभ्या गाडीच्या दांडीची सावली वाटेवर आडवी पडली होती. साहेब तिच्यापाशी आले, थबकले, आणि पाय चांगला वीतभर उचलून तिच्यावरून पलीकडे टाकला.

हे सगळ्यांनी पाहिलं असेल, पण कळलं मला. डोळ्यांनी अधू बैल आम्ही असाच ओळखतो. त्याच्यापुढे सावली आली की तो तिला लाकूड समजून पाय उचलतो. मी धावत त्यांना गाठलं. "साहेब, ते लाकूड नोतं. सावली होती."

ते थांबले. "कुठे?"

"मांगं. तुमी वलांडली ते."

साहेबांनी सीतारामला एस.टी.ची चौकशी करायला पाठवलं. मग हळू म्हणाले, "किती जणांना माहीत आहे?"

"मले. अन् आता बैलाइले."

दोन वर्षांपासून हे चाललं होतं. डोळ्यांतला पडदाच वाळत चालला आहे, चष्म्याने किंवा ऑपरेशनने उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सगळे कागद सीताराम दार लावून वाचून दाखवायचा, आणि साहेब ते पाठ करायचे. सीताराम चौथी शिकलेला. अवघड शब्द आला की तो गाळून पुढे जायचा, त्यामुळे दोन वर्षांत अवघड असं एकही परिपत्रक आमच्या सोसायटीत अंमलात आलं नव्हतं. कारभार याच दोन वर्षांत सगळ्यात चांगला चालला होता हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"मंग सांगतलं काऊन नाई कोनाले?" मी विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही, भोयर. कुठल्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता."

मी दलाल माणूस. समोरच्याचं वर्म हाती लागलं की मी थांबत नाही. त्यावरच माझं घर उभं आहे. मी म्हटलं, "आयका मंग. जिनमधली माही जागा द्या, नाई त मी चेअरमनले सांगतो." असं मी बोललो, आणि हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही. साहेब रागावले नाहीत. विचारात पडले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जसा कोरा रकाना भरायला शाई सापडल्यावर उजळावा. म्हणाले, "आता रकाना आला आहे. खरं आहे. मी चौकीदाराचा कान तपासत बसलो." आणि एस.टी.त बसून गेले.

त्या तिमाहीचा तक्ता वर्ध्याला गेला. अपंग कर्मचाऱ्यांची संख्या : एक. नाव : स्वतःचं. पद : व्यवस्थापक. सिव्हिल सर्जनचा दाखला जोडलेला.

पुढच्या बाजाराला ते मुद्दाम मला सांगायला आले. "भोयर, एक वाईट बातमी आहे. आपली राखीव जागा भरली."

"कोनं भरली?"

"मी."

मी किती ओरडलो ते बाजारात अजून सांगतात. "साहेब, एकडाव तुमी मले धडधाकट नाई म्हून काहाडलं, अन् आता अपंग म्हूनही घ्याले तयार नाई! दोनी कडून तुमीच खाता?" साहेब मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मला आणखी राग आला, कारण ही युक्ती मीच त्यांच्या हाती दिली होती. एवढा मोठा सौदा आयुष्यात मी दुसरा हरलो नाही. चेअरमन मात्र खूश. ते म्हणाले, "मॅनेजरले दिसत नाई अन् आमाले पत्ता नाई, म्हंजे काम त बराबरच चालून राह्यलं होतं! नवा मानूसही घ्या लागला नाई. झकास!" रकाना भरला, सोसायटीने कायदा पाळला, आणि एकाही अपंगाला काम द्यावं लागलं नाही. इतकं चोख पालन दुसऱ्या कुठल्या संस्थेने केलं असेल असं मला वाटत नाही.

पण साहेब तिथे थांबते तर ते साहेब कसले. त्यांनाच आठवलं की मॅनेजरने रोज सकाळी जिनच्या हॉलची समक्ष तपासणी करावी, असा नियम आहे. यंत्राजवळचा मनुष्य धडधाकट हवा. म्हणजे ते स्वतः अपात्र. पुढचं मला सीतारामने सांगितलं. साहेबांनी स्वतःला कमी करण्याचा हुकूम लिहायला घेतला आणि मसुदा एकसारखा असावा म्हणून माझी जुनी फाइल काढायला लावली. सीताराम ती वाचत गेला, साहेब नाव बदलून सांगत गेले. अपात्र शब्दाशी सीताराम थांबला. तो त्याला वाचता येत होता, पण थांबला.

साहेब म्हणाले, "वाच."

सीतारामने वाचला. साहेब म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, "हा मी भोयरला वाचून दाखवला होता का?"

"नाई जी. तुमी त्याच्या हातात कागद देल्ला, अन् पेन."

साहेबांनी त्या दिवशी हुकूम पुरा केला नाही. टेबलावर तो तसाच अर्धा राहिला. त्यांच्या नोकरीत अर्धा राहिलेला तो एकच कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. हंगाम ऐन भरात, आठही जिन चालू. हॉलच्या दारात उभे होते. म्हणाले, "भोयर, कुठला कोरडा चालतो आहे?" मी ऐकलं. म्हटलं, "पाचवा. सातवाही जाईन संध्याकाळलोक." त्यांनी फिटरला हाक मारून दोन्ही उघडायला लावले. पाचवा कोरडा निघाला. सातव्याचं तेल संपत आलेलं. साहेब म्हणाले, "मी इतकी वर्षं इथून डोळ्यांनी बघत गेलो. मला हे एकदाही दिसलं नाही."

कचेरीत येऊन त्यांनी कागद पुढे केला. मॅनेजरच्या वतीने यंत्रांची रोजची तपासणी करण्यासाठी माझी नेमणूक. मी तो दोनदा वाचला. मी विचारलं, "पन तुमची राखीव जागा त भरली नं?"

"भरली. म्हणून तुम्हाला साध्या जागेवर घेतलं आहे. ज्याला काम येतं त्याच्या."

"अन् धडधाकटचा नियम?"

साहेब उभे राहिले, जसे परिपत्रक वाचताना राहत. "त्याबद्दल मी वर लिहिलं आहे की तो नियम मला समजत नाही. मार्गदर्शन व्हावं." मार्गदर्शन कधीच आलं नाही. ते येणार नाही हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मी आजवर ठरवू शकलो नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

पुढे पाच हंगाम आम्ही रोज सकाळी हॉलमधून फिरलो. ते माझा डावा दंड धरून चालायचे, मी आवाज ऐकून सांगायचो, ते ऐकायचे. हळूहळू त्यांनाही कळू लागलं. कधी माझ्या आधी म्हणायचे, "तिसरा," आणि चूक निघाली की लाजायचे. त्या पाच वर्षांत मी त्यांना किमान पन्नासदा म्हटलं असेल, "साहेब, दवाखान्यातला तो पयला कागद चुकीचा होता, एवढं एकडाव म्हना." ते दर वेळी म्हणायचे, "तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो बरोबर होता, भोयर." मग मी भडकायचो, ते ऐकून घ्यायचे, आणि आम्ही पुढच्या जिनकडे जायचो. निवृत्तीच्या दिवशी शेवटची फेरी झाल्यावर त्यांनी माझा दंड सोडला नाही. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "भोयर, रोज भांडलात, बरं केलंत. मला तुम्ही कुठे आहात ते कळायचं."

ते वर्ध्याला गेले आणि दोन वर्षांत वारले. नवीन मॅनेजरांची नजर चांगली आहे. ते हॉलमधून झपाझप जातात, कुठे थांबत नाहीत, माझं काम मला करू देतात. भांडण असं होत नाही. सकाळच्या फेरीला निघालो की माझा डावा हात आपोआप अंगापासून जरा दूर राहतो. दोन-चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात येतं, आणि मग मी तो खाली घेतो.